टूथपेस्टचा शोध कोणी लावला? राखुंडी, दातण आणि ट्यूबची खरी गोष्ट

अमळनेरकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. टूथपेस्ट सगळ्यात आधी कोणी बनवली, इजिप्तमध्ये म्हणे पाच-सात हजार वर्षांपूर्वीच होती, मग कोलगेटवाल्यांनी नवीन काय केलं? आणि घरात आजी म्हणते आम्ही राखुंडी आणि निंबाच्या काडीवर आयुष्य काढलं, एक दात किडला नाही, पेस्ट हे कंपन्यांनी लावलेलं खूळ आहे. तर यात खरं काय?

मी जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवतोय आणि हा प्रश्न मला खुर्चीत बसलेले पेशंट पण विचारतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. टूथपेस्ट कोणी एकाने शोधलेली नाही. आज तुम्ही सकाळी ब्रशवर जी पेस्ट घेता तिच्यात घासणारी पावडर वेगळ्या काळातली, फेस वेगळ्या काळातला, ट्यूब वेगळ्या काळातली आणि फ्लोराइड तर अगदी काल-परवाचं. पावडर हजारो वर्षं जुनी आहे, ट्यूबला सव्वाशे-दीडशे वर्षं झाली, आणि फ्लोराइडवाली पेस्ट बाजारात येऊन जेमतेम सत्तर वर्षं झालीत. दाताची कीड खऱ्या अर्थाने कमी केली ती या शेवटच्या गोष्टीने. त्याच्या आधीच्या सगळ्या पेस्टा, मंजनं, राखुंड्या म्हणजे दात घासून चकचकीत करायचे प्रकार होते, कीड थांबवायचे नाही. एवढं लक्षात ठेवलं की आजीच्या म्हणण्यातलं बरोबर किती आणि चूक किती ते आपोआप कळतं.

आता इजिप्त. ते पाच हजार, सात हजार वर्षांचे आकडे सगळीकडे फिरत असतात, त्यांच्यामागे भक्कम पुरावा काही नाही, म्हणून मी ते सांगत नाही. पक्का आहे तो एक पपायरसचा, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा तुकडा, व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलेला, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. त्यात दात पांढरे करायची कृती आहे: सैंधवासारखं खडे मीठ, पुदिना, आयरिसचं वाळलेलं फूल आणि मिरी. मीठ-मिरी-पुदिना म्हणजे चव आपल्याकडच्या मंजनाच्या फार लांब नाही. रोमन लोकांचं त्याच्याही आधीचं आहे. प्लिनी नावाच्या लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड आणि जनावरांची जाळलेली राख दात घासायला वापरत. आणि स्पेनकडचे लोक लघवीने दात घासतात म्हणून एका रोमन कवीने त्यांची टर उडवली होती. ऐकायला किळस येते पण त्यात रसायन आहे, शिळ्या लघवीत अमोनिया तयार होतो आणि अमोनियाने डाग निघतात.

आपल्याकडचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि हे मी अभिमान मिरवायला म्हणत नाही, मजकूर खरंच तसा आहे. सुश्रुत संहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात रोज सकाळी काय करायचं ते दिलंय. दातणाची काडी बारा अंगुळ लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, गाठ नसलेली. कडू झाडात निंब उत्तम, तुरटात खैर, गोडात मोह, तिखटात करंज. ही चारही झाडं आपल्या सातपुड्यात आहेत, तोरणमाळला, धडगावकडे गेलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील, आणि पावरा-भिल्ल वस्त्यांवर अजूनही सकाळी हातात काडी असते. पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. सुश्रुत म्हणतो मध, सुंठ-मिरी-पिंपळी, तेल, सैंधव हे एकत्र करून त्याने दात स्वच्छ करावे, काडीचा मऊ कुंचला करून एक एक दात वेगळा घासावा, आणि हिरडीच्या मांसाला इजा होऊ देऊ नये. मध आणि तेलात कालवलेलं चूर्ण, म्हणजे ही चक्क पेस्ट झाली. आणि हिरडीला न दुखवता एकेक दात घासा हे तर मी आजही रोज सांगतो आणि रोज कोणीतरी ते न ऐकता परत येतं.

सातव्या शतकात यि जिंग नावाचा चिनी भिक्षू नालंदाला येऊन राहिला, त्याने पण लिहिलंय की इथे रोज सकाळी दातणाची काडी चावतात, जास्तीत जास्त बारा बोटं लांब, कमीत कमी आठ. म्हणजे मठात त्याचा नियम होता. उलट ब्रश आला तो चीनमधून. तेराव्या शतकात डोगेन नावाचा जपानी भिक्षू चीनला गेला, १२२३ साली, तिथे त्याने बघितलं की लोक बैलाच्या हाडाच्या दांडीत घोड्याच्या शेपटीचे केस बसवून त्याने दात घासतात. त्याला ते आवडलं नाही, त्याच्या मते काडीच बरी, बौद्ध परंपरेतली. आपल्या घरातल्या आजी-नातवाचा वाद आठशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. पुढे डुकराच्या ताठ केसांचे ब्रश युरोपात गेले. इंग्लंडात विल्यम ॲडिस नावाच्या माणसाने १७८० च्या सुमारास ब्रशचा धंदा उभा केला, तुरुंगात असताना हाडाच्या तुकड्याला भोकं पाडून त्यात केस बसवले असं सांगतात. नायलॉनचा ब्रश तर १९३८ सालचा. त्याच्या आधी जगात चांगला ब्रश म्हटलं की जनावराचे केस, ते ओले राहायचे, वाळायला वेळ लागायचा, आणि आपल्याकडे धार्मिक कारणाने कोणी तोंडात घालायला तयार नव्हतं, ते साहजिकच होतं. त्यामुळे ब्रश आपल्या खेड्यापाड्यात उशिरा आला याला लोकांचं मागासलेपण कारण नाही, वस्तूच तशी होती.

आता आजीची राखुंडी. इथे मला थोडं थांबायचंय कारण दवाखान्यात सगळ्यात जास्त नुकसान मी याच गोष्टीचं बघतो.

राख घासली की दात चकचकीत होतात हे खरं आहे. कशामुळे होतात? गोवरीच्या राखेत, तुसाच्या राखेत सिलिका म्हणजे वाळूतलाच मुख्य पदार्थ असतो, कारण गवतात, कडब्यात, भाताच्या तुसात ती मुळातच भरपूर असते, जाळलं की बाकीचं उडून जातं आणि ती मागे राहते. विटेच्या भुकटीत वाळूचे कण असतात. आता कठीणपणाची एक मोजपट्टी आहे, मोस (Mohs) नावाच्या शास्त्रज्ञाची, त्यावर दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल साधारण ५ वर येतं, आतलं डेंटिन ३ च्या आसपास, पेस्टमधला खडू पण ३, आणि वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे विटेच्या भुकटीने घासताना तुम्ही दातापेक्षा कडक वस्तूने दात घासताय. डाग जातो, त्याच्यासोबत दात पण जातो, रोज थोडा थोडा, वीस-तीस वर्षं. राखेचे बारीक कण विटेएवढे कडक नसतील पण चाळलेली नसेल तर तिच्यात खडे-वाळू येतेच, चुलीतली राख आहे शेवटी. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

पारोळ्याकडच्या एक आजी मध्यंतरी आल्या होत्या. म्हणाल्या, ‘मन्हा दातसले कीड नही शे, फक्त गार पानी लागस.’ आणि खरंच कीड नव्हती. पण सुळे आणि दाढा यांच्यामध्ये, हिरडीला लागून, प्रत्येक दातावर कुऱ्हाडीने खाच मारावी तशी खाच पडलेली, डाव्या बाजूला जास्त कारण उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर डावीकडे पडतो. खाचेच्या तळाला पिवळं डेंटिन उघडं, आणि दोन दातांत तर मधली नस गुलाबी झाक मारत होती. दात तपासायच्या अणकुचीदार हत्याराचं टोक नुसतं टेकवलं तर माय खुर्चीतून उठली. रोज दोनदा राखुंडी, बोटाने नाही तर कडक ब्रशवर घेऊन, मुलाने ब्रश आणून दिला होता म्हणून. बोटाने घासत होत्या तोवर जोर कमी होता, कडक ब्रश आणि राख एकत्र आली आणि पाच-सहा वर्षांत दात कापले गेले. दोन दातांचं रूट कॅनल करावं लागलं, बाकीच्या खाचा भरल्या.

तर आजी ‘कीड नाही’ म्हणते ते खोटं नसतं. पण त्याचं श्रेय राखुंडीला नाही, निंबाच्या काडीलाही फारसं नाही. त्या पिढीने साखर खाल्ली किती? ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकर, ठेचा, भरीत, सणाला खापरावरचे मांडे, गूळ जपून. चहा पण घरोघरी दिवसातून पाच वेळा होत नव्हता. दात किडायला तोंडातल्या जंतूंना साखर लागते, ते साखर खाऊन आम्ल तयार करतात, तोंडाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. साखरच नाही तर विरघळणार कसं. आज त्याच गावात, त्याच वस्तीवर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणि कुरकुरे पोचलेत, मुलं निंबाची काडी करतात तरी पुढचे चारही दुधाचे दात काळे, बुंध्यापर्यंत खाल्लेले. काडी तीच आहे, खाणं बदललं.

निंबाच्या काडीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. काडी नीट चावून कुंचला केला तर दातावरचा चिकट थर ती चांगला काढते, आणि निंब-बाभूळ यांच्या रसात जंतूंना आवर घालणारे घटक आहेत हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. दोष एवढाच की दाढांच्या मागच्या आणि आतल्या बाजूला काडी पोचत नाही आणि लोक पुढचेच सहा-आठ दात घासत बसतात.

मिशरीबद्दल मात्र कडक बोलतो. काही घरांत मंजन आणि मिशरी एकाच डबीत मोजतात, ते चुकीचं आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि दात घासायच्या नावाखाली हिरडीला लावून बसायचं. हे दात साफ करणं नाही, ही निकोटिनची तलफ आहे, म्हणून तर सकाळी लावली नाही तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही असं बाया सांगतात. तपकीर घासतात त्यांचंही तेच. १९९२ साली सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरी भाजलेल्या मिशरीला कोण बंदी घालणार. हिरडी खाली सरकलेली, मूळ उघडं, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा असं दिसलं की मी आधी तो चट्टा तपासतो, दाताचं नंतर बघतो, कारण त्यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो. घरात कोणाला असा चट्टा दोन आठवड्यांच्या वर दिसला तर थांबू नका, लगेच दाखवा.

बरं, हा फक्त आपला दोष असं समजू नका. राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये चिनीमातीच्या छोट्या डब्यांत सुपारीची टूथपेस्ट विकायचे, दात पांढरे होतील म्हणून. त्या डब्यांची झाकणं आज जुन्या वस्तू जमवणारे लोक विकत घेतात. सुपारी स्वतःच कॅन्सर करते हे आज पक्कं ठाऊक आहे, गुटखा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटं पण उघडत नाही अशी पंचवीस वर्षांची पोरं भुसावळपासून दोंडाईचापर्यंत कुठल्याही दवाखान्यात दिसतील. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत डोरामाड नावाची पेस्ट होती, तिच्यात थोरियम होतं, म्हणजे किरणोत्सर्गी पेस्ट, हिरड्यांना तरतरी येते म्हणून विकायचे. पेस्ट हे कंपन्यांचं खूळ आहे असं आजी म्हणते त्याला इतिहासात आधार आहे, मी नाही म्हणत नाही.

कोलगेटने केलं काय ते आता. विल्यम कोलगेटने १८०६ मध्ये न्यूयॉर्कला साबण, स्टार्च, मेणबत्त्यांचा धंदा सुरू केला, तेव्हा दाताशी त्यांचा काही संबंध नव्हता. १८७३ ला त्या कंपनीने बरणीत भरलेली सुगंधी पेस्ट काढली. बरणीतली पेस्ट म्हणजे घरातले सगळे आपापला ब्रश त्याच बरणीत बुडवणार, एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात. ही अडचण सोडवली एका डेंटिस्टने, वॉशिंग्टन शेफिल्ड, अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडन गावचा. दाबली की बाहेर येणारी धातूची ट्यूब मुळात चित्रकारांची, जॉन रँड नावाच्या चित्रकाराने १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, रंग वाळू नये म्हणून. शेफिल्डचा मुलगा पॅरिसला शिकायला होता, तिथे त्याने चित्रकारांना ट्यूबमधून रंग काढताना बघितलं आणि बापाला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. कोलगेटने ट्यूब आणली १८९६ मध्ये, म्हणजे शेफिल्डच्या नंतर. माल आणि पॅकिंग दोन्ही त्यांच्या आधी होतं, पण मोठ्या प्रमाणावर बनवून घरोघरी पोचवलं त्यांनी, हे काम छोटं नाही.

ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकातलं आहे त्यांना ती ॲल्युमिनियमची ट्यूब आठवत असेल, संपत आली की आई पोळपाटावर ठेवून लाटणं फिरवायची, मग घडीवर चीर पडून मागूनच पेस्ट यायला लागायची. सुरुवातीला या ट्यूब कथील आणि शिशाच्या असत, महायुद्धात धातू मिळेना म्हणून दुसरे प्रकार निघाले, पुढे आजची प्लास्टिकची आली.

ट्यूबमध्ये भरायचं तर नुसती पावडर चालत नाही, ती वाळून दगड होते. म्हणून ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल, हे पाणी धरून ठेवतात. पावडर आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून डिंकासारखा घटक. फेसासाठी पूर्वी चक्क साबण घालायचे, साबणाची चव लपवायला पेपरमिंट, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला साबणाच्या जागी सोडियम लॉरिल सल्फेट यायला लागलं. दात घासून लगेच संत्रं किंवा मोसंबी खाल्ली की कडू लागते ना, ते याच्यामुळे. फेसाने दात साफ होत नाहीत, फेस आला की साफ झाल्यासारखं वाटतं एवढंच.

आपल्या देशात पण हे काम लवकर सुरू झालं होतं. १९१६ ला निघालेल्या कलकत्ता केमिकल कंपनीने स्वदेशीच्या काळात निंबाची पेस्ट काढली. कोलगेटची भारतातली कंपनी १९३७ ची. १९५२ मध्ये केशव पेंढरकरांनी मुंबईत विको सुरू केली, त्यांचा पहिला माल वज्रदंती पावडर. माकडछाप काळी पावडर तर आपल्याकडे किराणा दुकानात मिठासारखी मिळायची, आमच्याकडे अजूनही काही आबा लोक तीच मागतात. लाल मंजनाचा लाल रंग गेरूचा असतो, गेरू म्हणजे लोहयुक्त माती, तिच्यात बारीक कण आलेच, म्हणून लाल मंजन ब्रशवर घेऊन घासू नका असं मी सांगतो, वापरायचंच तर बोटाने, हलक्या हाताने.

पण इथपर्यंतच्या सगळ्या पेस्टांनी कीड थांबत नव्हती. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत पेस्ट घरोघरी पोचत गेली आणि तरी लोकांचे दात पटापट किडत होते. फरक पडला तो एका वेगळ्याच ठिकाणाहून.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट कोलोराडो स्प्रिंग्सला गेला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी, चॉकलेटी डाग, घासून निघत नाहीत, आणि बाहेरून मोठेपणी आलेल्यांना नाहीत, फक्त तिथे लहानाचे मोठे झालेल्यांना. कोणी म्हणे डुकराचं मांस जास्त खातात, कोणी म्हणे दूध खराब. मॅके वर्षानुवर्षं मागे लागला. १९०९ ला जी. व्ही. ब्लॅक तिथे आला, डेंटिस्ट्रीत त्याचं नाव आजही पहिल्या वर्षाला शिकवतात, आणि दोघांनी मिळून बघितलं की हे डागाळलेले दात किडत मात्र नाहीत. कारण सापडलं १९३१ ला, आणि शोधलं कोणी तर ॲल्युमिनियम कंपनीच्या केमिस्टने. एच. व्ही. चर्चिल, अल्कोआ कंपनीचा. तेव्हा ॲल्युमिनियमची भांडी विषारी आहेत अशी बोंब होती आणि कंपनीच्या बॉक्साइट नावाच्या गावात मुलांच्या दातांवर तसेच डाग, कंपनी घाबरली. त्याने पाणी तपासलं तर ॲल्युमिनियम नाही, भरपूर फ्लोराइड. मग ट्रेंडली डीन या सरकारी डेंटिस्टने गावोगावचं पाणी आणि मुलांचे दात जुळवून बघितले आणि निघालं की लिटरला साधारण एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग जवळजवळ पडत नाहीत आणि कीड खूप कमी होते. २५ जानेवारी १९४५ ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने जगात पहिल्यांदा नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घातलं. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये कीड साठ टक्क्यांहून जास्त कमी झाली.

मग पेस्टमध्ये घालायला काय हरकत होती? इथेच खरी मेख आहे आणि मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो. पेस्टमधली घासणारी पावडर म्हणजे खडू, कॅल्शियम कार्बोनेट. फ्लोराइड त्या कॅल्शियमला ट्यूबमध्येच चिकटून बसायचं, दातापर्यंत पोचायला शिल्लकच राहायचं नाही. सुरुवातीचे प्रयत्न असेच वाया गेले. इंडियाना विद्यापीठातल्या जोसेफ म्यूलर, हॅरी डे आणि विल्यम नेबरगाल या तिघांनी खडू काढून वेगळी पावडर घेतली, कॅल्शियम पायरोफॉस्फेट, भट्टीत तापवून निष्क्रिय केलेली, आणि तिच्याबरोबर स्टॅनस फ्लोराइड. तीच क्रेस्ट पेस्ट, १९५५ ला थोड्या शहरांत आणि १९५६ पासून सगळ्या अमेरिकेत. १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने तिला कीड थांबवणारी पेस्ट म्हणून मान्यता दिली, आणि टूथपेस्ट हे सौंदर्याच्या सामानातून औषधाच्या रांगेत आलं. पुढे सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट हे फ्लोराइडचं दुसरं रूप आलं, ते खडूबरोबर पण टिकतं, म्हणून खडूवाल्या पांढऱ्या पेस्टमध्ये बहुतेक तेच दिसतं. आणि पारदर्शक जेलमध्ये खडू नसतो, तिथे मऊ प्रकारची सिलिका असते, वाळूतली कडक नाही, त्यामुळे साधं सोडियम फ्लोराइड चालतं. घरातली ट्यूब उलटी करून घटक वाचा, हा सगळा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास त्या दोन ओळींत बारीक अक्षरात असतो.

फ्लोराइड करतं काय, तर विरघळायला लागलेल्या इनॅमलमध्ये लाळेतलं कॅल्शियम परत बसवायला मदत करतं, आणि नवीन बसलेला थर आधीपेक्षा चिवट होतो, साडेपाचऐवजी साधारण साडेचारच्या पीएचपर्यंत तग धरतो. म्हणजे पेस्ट दात घासून जाते हे खरं काम नाहीच, ती मागे काय ठेवून जाते ते काम आहे.

भीती पण खरी आहे, ती लपवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांच्या दातांवर तेच कोलोराडोचे डाग दिसतात आणि फार जास्त असेल तर हाडं-सांधे पण धरतात. आपल्याकडे पण बोअर खोल खोल चाललेत, तर गावातल्या ज्या बोअरचं पाणी प्यायला वापरता ते जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या, ग्रामपंचायतीमार्फत होतं. पण पाण्यातून दिवसभर पोटात जाणारं फ्लोराइड आणि पेस्टमधून दाताला लागून थुंकलं जाणारं फ्लोराइड यात फरक आहे. आपल्या कायद्यात पेस्टला १००० पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, एवढं पाळलं आणि थुंकायला शिकवलं तर घाबरायचं कारण नाही. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात तेवढी पेस्ट मोठ्या माणसाला पण लागत नाही.

हल्ली कोळशाची काळी पेस्ट, ‘केमिकल नाही’ म्हणून विकलेली महाग पेस्ट याबद्दल पण विचारतात. लेबल बघा, फ्लोराइड नसेल तर ती १९५५ च्या आधीची पेस्ट आहे असं समजा, नाव आणि डबी कितीही नवीन असो. आणि कोळसा म्हणजे राखुंडीचाच भाऊ.

आता तुमच्या आजींचं. त्यांची निंबाची काडी काढून घेऊ नका, मी तर म्हणेन आवडत असेल तर राहू द्या. काडी ताजी घ्या, टोक थोडा वेळ पाण्यात भिजवा, मग चावून चावून मऊ कुंचला करा, वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर, आडवं खसाखसा नाही. राखुंडी मात्र बंद, भांडी घासायला वापरा. रात्री झोपायच्या आधी मऊ ब्रशवर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, थुंकायचं आणि पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे जे मागे राहायला हवं ते रात्रभर दातावर राहील. आजीला गार पाणी लागत असेल, हिरडीजवळ नख अडकत असेल, तर आधी एकदा जवळच्या डेंटिस्टकडे नेऊन दाखवा, खाच लहान असतानाच भरली तर भरून भागतं, दातातल्या नसेपर्यंत गेली की खर्च आणि त्रास दोन्ही वाढतात.